पहिल्या चेंडूची तीट

बाई पहिला चेंडू मुद्दाम वाया घालवायच्या. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. खरं काय ते मला अजून माहीत नाही. ज्यांना विचारलं त्यांनी दर वेळी वेगळं सांगितलं, आणि खुद्द बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "परीक्षेत येणार आहे का हे, एवढं खोदून विचारायलात ते?"

हैदराबादेत किल्ल्याच्या अंगाला गोल्फचं मैदान आहे. तिथं रविवारी सकाळी, अजून ऊन तापलेलं नसताना, बाई पहिला फटका मारायला उभ्या राहायच्या. अंगावर साधी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर कै. यजमानांची टोपी. चेंडू जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर ठेवायच्या, काठी उचलायच्या आणि असा काही फटका हाणायच्या की चेंडू एक तर जागचा हलायचा नाही, नाही तर बाजूच्या झुडपात घुसून मोरांना उठवायचा. मग परीक्षेचा पहिलाच पेपर सोपा गेलेल्या मुलीसारख्या चेहऱ्यानं मागं वळून म्हणायच्या, "झालं. लागली तीट. चला, आता खेळू."

तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घातलं, पावडर लावली, झबलं चढवलं, की शेवटी आई त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावते. एवढं देखणं लेकरू, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून आपणच त्याला थोडं बिघडवून ठेवायचं. बाईंचा पहिला चेंडू म्हणजे त्या दिवसाच्या खेळाला लावलेली तीट. "अशी सकाळ, असं हिरवं रान, त्यात खेळही चांगला झाला तर बघवंल का कुणाला? म्हणून आपणच आधी एक चूक करून टाकायची. मग दिवसभर भीती नाही," असा त्यांचा हिशेब होता.

हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी एका म्हातारीची श्रद्धा म्हणून सोडून दिलं असतं. पण बाईंनी सगळी नोकरी जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवण्यात घालवली होती, आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या नाहीत तर अर्धा मार्क कापणारी बाई म्हणून त्यांची ख्याती होती. केस पिकलेले त्यांचे विद्यार्थी अजून त्यांना पाहून रस्ता ओलांडायचे.

काचीगुड्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो तेव्हा वरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. मिळाल्या म्हणजे मुलाखत होऊन मिळाल्या. बाईंनी माझी कंपनी विचारली नाही, पगार विचारला नाही. आतून एक डबलची चादर आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घडी घालून दाखवा."

मी घातली. टोकाला टोक, काठाला काठ. पुरणपोळीचा काठ फाटला तर ती पुन्हा लाटणाऱ्या घरातला मी. चादरीला काय घाबरणार? बाईंनी घडीवरून हात फिरवला आणि किल्ली दिली. तेव्हापासून त्या मला 'पुणेकर' म्हणायला लागल्या. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी फक्त पाण्याच्या टाकीचा नळ उघडा राहिला तेव्हाच घेतलं.

त्या घरात दोरीवरचे कपडे उंचीप्रमाणे वाळत. पेपर वाचून झाला की तो मुळात जसा आला तसा घडी करून ठेवावा लागे. दारातली ठिपक्यांची रांगोळी अशी की पट्टी लावून बघावी. मला वाटलं, देवानं मला माझ्या माणसापाशी आणून सोडलं. ऑफिसातलं साधं दोन ओळींचं पत्र मी चारदा लिहीत असे आणि पाठवल्यावर पाचव्यांदा वाचून त्यात चूक सापडली की माझं जेवण जात नसे. काम झालं असं म्हणणं माझ्या जिवावर यायचं. बाईंना हे सगळं न सांगता कळत असणार, अशी माझी समजूत होती.

त्यांच्या जिन्याखाली गोल्फच्या काठ्यांची एक चामडी पिशवी उभी असे. यजमान गेलेले, ते सरकारी खात्यात इंजिनिअर होते, पूल बांधायचे, गोल्फ खेळायचे, एवढं मला माहीत होतं. ती पिशवी त्यांची आठवण म्हणून ठेवली आहे असं मी धरून चाललो. रविवारी पहाटे बाई कुठंतरी जातात हेही माहीत होतं. देवळात जात असतील, दुसरं कुठं जाणार?

मी गोल्फकडे वळलो तो माझ्या साहेबामुळं. "वरच्या लोकांत ऊठबस पाहिजे असेल तर गोल्फ शीक," असं त्यानं सांगितलं. मी शिकायचं म्हणजे नीटच शिकणार. महिनोन् महिने मोबाइलवर व्हिडिओ बघितले. खांदा असा, कोपर तसं, डोकं स्थिर, अंगठा खाली, श्वास सोडून. काचीगुड्याच्या गच्चीवर चेंडूशिवाय काठी फिरवत मी स्वतःचेच व्हिडिओ काढायचो आणि रात्री ते सावकाश चालवून बघायचो. बाई खालून ओरडायच्या, "पुणेकर, डास मारायलात का?"

मग एका रविवारी साहेब मला त्या मैदानावर घेऊन गेला. आम्ही आमची पाळी येण्याची वाट बघत होतो. पुढं कुणीतरी एकटं खेळायला उभं होतं, पाठमोरं. फटक्याचा आवाज आला, झुडपातून मोर ओरडत पळाले, आणि स्वच्छ मराठीत शब्द ऐकू आले, "हात्तिच्या! छान झालं."

बाई वळल्या. मला पाहून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "आलात? उशीर केलात," एवढंच म्हणाल्या आणि काठी खांद्यावर टाकून चालू लागल्या. साहेबानं विचारलं, "ओळखीच्या आहेत?" मला हो म्हणावं की नाही ते कळेना, कारण घरातल्या बाई मला माहीत होत्या, या नव्हत्या.

त्यानंतर अधूनमधून मी त्यांच्याबरोबर खेळायला लागलो, आणि माझा गोंधळ दर खेपेला वाढत गेला. घरी पेपरची घडी सरकली तर जिना चढून वर येणारी ही बाई मैदानावर चेंडू काट्यात गेला की खुशाल पायानं बाहेर ढकलायची. किती फटके झाले ते मोजायची नाही. चेंडूशी गप्पा मारायची: "जा की रे, कामून अडलास? पुढं काय वाघ आहे का?" मी म्हटलं, "बाई, याला खेळ म्हणत नाहीत, याला अफरातफर म्हणतात."

"लाइट घ्या हो पुणेकर. कुणाच्या बापाचं काय गेलं?"

"शाळेत अर्धा मार्क कापायचात ना तुम्ही?"

"ते गणित होतं. हे काय गणित आहे?"

मला पटलं. पुढच्याच रविवारी पाण्याच्या पलीकडं चेंडू मारताना मी धाडकन म्हणून गेलो, "हे काही गणित नाही," तर बाई थांबल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "सगळं गणितच असतंय. तुम्हाला सोडवता येत नाही म्हणून काय ते कविता होतंय का?"

बाईंची पिशवी वाहायला यादगिरी असायचा. हा पन्नाशीचा गृहस्थ वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर चालत होता, त्यामुळं त्या पहिल्या चेंडूचं रहस्य याला ठाऊक असणार असं मला वाटलं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"अम्मा जानके मारते साब," यादगिरी ठामपणे म्हणाला. "अम्मा के हाथ में बहुत सफाई है."

महिन्याभरानं पुन्हा विचारलं, तर तितक्याच ठामपणे म्हणाला, "नक्को पूछो साब. अम्मा को पैला बॉल कब्बी लगताइच नहीं. घबराते."

"अरे, मागं तर तू म्हणालास मुद्दाम मारतात!"

"हौ, वो भी है."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण गोल्फवाल्यांना लावता येत नाही, कारण तिथलं अंगण मुद्दामच वाकडं केलेलं असतं. पण बाईंच्या बाबतीत नाच येतोय की नाही हेच मला ठरवता येईना. दुसऱ्या चेंडूपासून त्या कधीकधी असा सुंदर फटका मारायच्या की मागचे लोक वाहवा करायचे. आणि कधीकधी सात-आठ फटके मातीतच जायचे. दोन्ही वेळी चेहरा तोच. मला तो चेहरा बघून राग यायचा, हे सांगायला हवं. मी एवढे व्हिडिओ बघून, एवढा जीव काढून दुःखी, आणि ही बाई चेंडू लाथाडून सुखी!

त्यांची आणखी एक खोड होती. सगळ्यात शेवटच्या हिरवळीवर त्या कधीच चेंडू भोकात घालायच्या नाहीत. सतरा भोकांत घालायच्या, अठराव्याजवळ आल्या की वाकून चेंडू उचलायचा, पदराला पुसून कमरेच्या पिशवीत टाकायचा आणि गाडीकडं चालू लागायचं.

"बाई, शेवटचा राहिला."

"चहा निवतोय."

चहा तर अजून कुणी सांगितलेलाही नसायचा. अर्धवट राहिलेली गोष्ट मला बघवत नसे. एकदा मी त्यांना आडवा होऊन म्हणालो, "निदान एकदा तरी घाला." तर यादगिरीनं हळूच माझी बाही ओढली. का ओढली ते त्यानंही सांगितलं नाही.

माझं लग्न झालं आणि आम्ही कुकटपल्लीला फ्लॅट घेतला. काचीगुडा सुटलं, बाई सुटल्या नाहीत. दर रविवारी पहाटे मी गाडी घेऊन त्यांना न्यायला जायचो. माझा खेळ तोवर सुधारला होता. म्हणजे इतर लोक तसं म्हणायचे. मला मात्र घरी येताना फक्त चुकलेले फटके आठवायचे. अंघोळ करताना आठवायचे, जेवताना आठवायचे. गोल्फ सोडवतही नव्हतं आणि खेळून आनंदही होत नव्हता. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळत नव्हतं.

एका संध्याकाळी मी बायकोला घेऊन बाईंकडं गेलो होतो. बाईंनी मिरच्यांची भजी केली होती, एका मापाची, ताटात गोल मांडलेली. बोलता बोलता बायको हसत म्हणाली, "बाई, तुम्ही याला काय खेळवता हो तिथं? रविवारी घरी येतो तो कुणाला तरी पोचवून आल्यासारखा. मी काही विचारलं तर म्हणतो, सातव्याला उजवीकडं गेला. कोण गेलं उजवीकडं, मला मेलीला काय कळणार?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी भज्यांचं ताट माझ्या बायकोपुढं सरकवलं. मग तिला म्हणाल्या, "तू बस गं. पुणेकर, जरा गच्चीवर चला."

गच्चीवर अंधार पडायला लागला होता. स्टेशनवरून गाडीची घोषणा ऐकू येत होती. बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आमचे साहेब असेच यायचे," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हापासून. रविवारची दुपार म्हणजे घरात बोलायचं नाही. पुलासारखा माणूस तो, एक सूत इकडंतिकडं चालायचं नाही. मला वाटायचं, माझंच काही चुकलं. मग मी घरातलं सगळं सरळ करत सुटायची. दोरीवरचे कपडे, चादरी, पेपर. म्हणलं, निदान घरात तरी त्यांना काही वाकडं दिसायला नको."

दोरीवरच्या त्या कपड्यांबद्दल मी मित्रांना किती रंगवून सांगितलं होतं.

"एका रविवारी लई चांगले खेळले. जन्मात खेळले नव्हते तसे. एक चूक नाही. अन् शेवटच्या भोकापाशी, एवढासा राहिलेला, लेकरानं ढकलला तरी जाईल असा, तो चेंडू काठावरून गेला. झालं. त्या दिवसापासून ते दुसरं काही बोललेच नाहीत. जेवायला बसले की तेच. झोपेत तेच. कुठून मारला, किती लांब होता, गवत कसं होतं. मला पाठ झालं पुणेकर, सगळं पाठ झालं."

खाली माझी बायको बाईंच्या रेडिओवर गाणी शोधत होती, त्याची खरखर वर येत होती.

"मग हृदयाचं दुखणं झालं. दवाखान्यात शेवटच्या संध्याकाळी मी जवळ बसले होते. त्यांनी माझा हात धरला. कधी धरायचे नाहीत. म्हणाले, ऐक. मी वाकले. कान पार त्यांच्या तोंडाशी नेला. मला वाटलं, आता तरी माझ्यासाठी काहीतरी बोलतील." बाईंनी टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "म्हणाले, तो जरा डावीकडून घ्यायला पाहिजे होता."

मला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही एकत्र येतं तेव्हा माणसानं काय करावं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

"तेवढंच. त्यानंतर बोलले नाहीत. मी वर्षभर रागात होते. मग म्हणलं, एवढं काय आहे त्या भोकात, जाऊन बघून तरी यावं. म्हणून काठ्या उचलल्या."

"आणि काय दिसलं?"

"भोक," बाई म्हणाल्या. "त्यात काय असायचंय?"

जिना उतरताना त्या माझ्या पुढं होत्या. मधेच थांबून, वर न बघता म्हणाल्या, "ती पोरगी चांगली आहे. तिला उजवीकडं गेला, डावीकडं गेला सांगत बसू नका. दुसरं काहीतरी घेऊन जात जा तिच्यासाठी."

मी मान हलवली. पण तुम्हाला खरं सांगतो, पुढच्या रविवारीही मी घरी गेलो तो तोंड पाडूनच. कळलं म्हणून जमतं असं थोडंच आहे?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाईंचा उजवा हात थरथरायला लागला. मला ते त्यांच्या रांगोळीवरून कळलं. ठिपक्यांची रांग दारातून बाहेर पडल्यासारखी एका बाजूला कलंडली होती. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "नवी पद्धत आहे," त्या म्हणाल्या. बंगळूरला राहणारा त्यांचा मुलगा आला, डॉक्टर झाले, औषधं झाली, आणि बाईंनी मुलाकडं जाऊन राहायचं ठरलं. निघण्याआधीच्या रविवारी पहाटे त्यांचा फोन आला. "येणार आहात ना? का झोपलात?"

मैदानावर आम्ही तिघंच होतो. बाई, मी आणि यादगिरी. मागं कुणी नव्हतं. बाईंना चेंडू खुंटीवर बसवता येईना, तो पुनःपुन्हा पडायचा. यादगिरी पुढं झाला तसा त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. शेवटी बसला. बाईंनी काठी उचलली. काठीचं टोक वाऱ्यात हलावं तसं हलत होतं. आज तीट आपोआपच लागणार, असं माझ्या मनात आलं.

बाईंनी फटका मारला. आवाज असा आला की मी तसा आवाज व्हिडिओतच ऐकला होता. चेंडू सरळ वर गेला, किल्ल्याच्या भिंतीवरून आला असावा तसा उन्हात चमकला आणि लांब, फार लांब, हिरवळीच्या मधोमध उतरला. यादगिरीनं "वाह अम्मा!" म्हणून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. त्या चेंडू गेला त्या दिशेनं बघत राहिल्या आणि मग खाली गवतातच बसल्या. इतक्या घाबरलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"आता?" त्या म्हणाल्या. "आता हो काय करू?"

"बाई, चांगला गेला की! दुसरा एक मारा वाईट, हवं तर."

"तीट आधी लावायची असते. नंतर लावून काय?" मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पुणेकर, तुम्ही लावा. तुमचा पहिला अजून व्हायचा आहे. माझ्या नावानं तुम्ही लावा."

मी चेंडू ठेवला. जन्मात कुठलीही गोष्ट मी मुद्दाम वाईट केलेली नव्हती. वाईट म्हणजे किती वाईट? झुडपात घालावा की पाण्यात? जागेवरच राहिला तर तो वाईट धरतील का? खांदा उलटा फिरवला तर जमेल, पण कोपराचं काय? मी दोनदा काठी उचलली आणि दोनदा खाली ठेवली.

"अहो!" बाई गवतातून ओरडल्या. "चुकायचा पण अभ्यास करायलात का?"

यादगिरी फिसकन हसला. मी डोळे मिटले आणि जोरात काठी फिरवली. चेंडू समोरच्या एका मोठ्या दगडावर जाऊन आपटला आणि तिथून परत फिरून सूं करत आमच्याच डोक्यांवरून मागं गेला. यादगिरी पिशवी टाकून पालथा पडला. मोर ओरडले. बाईंची टोपी घरंगळली. आणि बाई हसायला लागल्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदरबिदर सोडून. त्यांना हसताना बघून मलाही हसू आवरेना. माझं पोट दुखायला लागलं.

"लागली," डोळे पुसत बाई म्हणाल्या. "आता कुणाची दृष्ट लागायची नाही. दगडावर लागली ती."

त्या दिवशी मी किती फटक्यांत खेळलो ते मला माहीत नाही. पाण्यात दोन घातले एवढं आठवतं. एका झाडाखाली मुंगसाची जोडी होती. यादगिरी त्याच्या मेव्हण्याच्या लग्नातल्या भांडणाची गोष्ट सांगत होता आणि ती पुरी व्हावी म्हणून आम्ही एका हिरवळीवर उगीचच रेंगाळलो. दगडांवर सकाळचं ऊन आलं तेव्हा ते भाजलेल्या पावासारखे दिसत होते. मधेच माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी बायकोला सांगायला गोळा करतोय. मुंगसं, मेव्हणा, आमच्या डोक्यावरून गेलेला चेंडू. मला इतकं बरं वाटलं की मी ते बाईंना सांगितलंही नाही.

शेवटच्या हिरवळीवर आलो. बाईंचा चेंडू भोकाजवळ पडला होता. त्या सवयीप्रमाणं वाकल्या आणि त्यांनी चेंडू उचलला. मी गाडीची किल्ली काढली.

पण त्या निघाल्या नाहीत. चेंडू हातात घेऊन चार पावलं उजवीकडं गेल्या, भोकाकडं बघितलं, थोड्या मागं सरकल्या आणि वाकून चेंडू तिथं ठेवला.

"इथंच होता," त्या म्हणाल्या. "साहेबांचा."

यादगिरीनं भोकातला झेंडा उपटला आणि छातीशी धरून उभा राहिला. अंतर खरंच एवढंसं होतं; लेकरानं ढकलला तरी जाईल असं. बाईंनी काठी चेंडूला लावली. हात थरथरत होता. मग त्यांनी काठीचं तोंड थोडं वळवलं. डावीकडं, अगदी जरासं, त्यांच्या रांगोळीतल्या एखाद्या ठिपक्याइतकं. आणि चेंडू ढकलला.

तो डावीकडून निघाला, उतारावर अलगद वळला, भोकाच्या दिशेनं आला. चेंडू भोकाच्या अगदी काठापर्यंत आला आणि तिथंच थांबला. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. तो पडला नाही.

"जानके मारे क्या अम्मा?" यादगिरीनं माझ्या कानात विचारलं. मला कसं माहीत असणार? हात हलला असेल. जोर कमी पडला असेल. किंवा जिला उत्तराखाली दोन रेघा लागत, तिनं त्या नेमक्या तिथंच ओढल्या असतील.

बाई चेंडूपाशी गेल्या. गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या,

"बघितलंत? डावीकडून घेतला तरी नाही जात. सोडा आता. चला घरी."